भावाभावाच्या लढाईत जमीन तिसऱ्याची

गावागावातल्या दादा-बाईंनो, सयान्या माणसांनो, पोरापोरींनो,

ही पत्रिका नेहमी दाव्यांची, मोर्चाची, तारखांची बातमी देते. या वेळी जरा लांब गोष्ट सांगायची आहे. ज्याला वाचता येतं त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवावी. एका बैठकीत नाही झाली तर दोन बैठकीत वाचा, पण पूर्ण वाचा.

सुरुवात घरापासून करतो. कोंढाळीच्या बाजूला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण गाव माझंच आहे आणि लाजही माझीच आहे. सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी गावात तीन वेळा दवंडी दिली. तीनही वेळा कोरम झाला नाही. काहून? तर पंचायतीच्या निवडणुकीत गावात दोन पॅनल पडले होते. खालचा टोला म्हणतो, वरच्या टोल्याचे बसतील त्या सतरंजीवर आम्ही बसत नाही. वरचा टोला म्हणतो, समितीचा अध्यक्ष त्यांचा, मग सही आमची काहून? दाव्याची फाईल एका घरी पत्र्याच्या पेटीत पडून आहे. नकाशा तयार आहे, सयान्या माणसांचे जबाब तयार आहेत, निस्तारपत्रकाची नक्कल तहसिलीतून काढून आणली आहे. फक्त ग्रामसभेचा ठराव बाकी आहे.

आणि एवढ्यातच कोणीतरी येऊन झुडपी जंगलाच्या कडेनं चुन्याच्या रेघा मारून गेलं. कोण होते, कोणाच्या हुकमानं आले, कोणी विचारलं नाही. खालच्या टोल्याले वाटलं वरच्यांनी आणले. वरच्या टोल्याले वाटलं खालच्यांनी आणले. दोघंही गप बसले. रेघा तशाच आहेत.

तिसऱ्या सभेला जे दहा-पंधरा जण आले होते त्यांच्यात एक म्हातारी बाई होती. ती उठून बोलली, "वाघ आला तं ढोरं बी गोल करून उभी राह्यतेत रे. तुम्ही ढोराहून गेले काय?"

कोणाजवळ उत्तर नव्हतं. तिच्या त्या बोलण्यावरून हा लेख लिहायला घेतला. तीन गोष्टी सांगतो. एक आपल्या राजाची, एक सात समुद्रापलीकडच्या आदिवासींची, एक शेजारच्या जंगलातली. तिन्हीत माणसं वेगळी, काळ वेगळा. शेवट पाहा.

पहिली गोष्ट : देवगडची फूट

जयंतीच्या कार्यक्रमात आपण छाती फुगवून सांगतो की नागपूर शहर गोंड राजानं वसवलं. खरं आहे. देवगडचा राजा बख्त बुलंद शाह यानं १७०२ च्या सुमाराला जुन्या बारा वस्त्या जोडून नागपूर उभं केलं. देवगडचा किल्ला आज छिंदवाडा जिल्ह्यात येतो, आपल्या नरखेड तालुक्याच्या हद्दीपलीकडच्या मुलखात. बख्त बुलंदाचा मुलगा चांद सुलतान यानं राजधानी नागपूरला आणली, शहराला कोट घातला, तलाव बांधला. नागपूरला मोर्चाला जाता तेव्हा जो शुक्रवारी तलाव दिसतो, तो त्याच्याच वेळचा.

जयंतीचं भाषण इथं संपते. पुढचं कोणी सांगत नाही, कारण पुढचं आपल्याच घरातलं आहे.

१७३९ च्या सुमाराला चांद सुलतान मेला. बख्त बुलंदाचाच एक अनौरस मुलगा वली शाह यानं गादी बळकावली. चांद सुलतानची विधवा राणी रतनकुंवर हिला आपल्या पोरांचा जीव आणि गादी दोन्ही वाचवायची होती. तिनं वऱ्हाडात असलेल्या रघुजी भोसल्याला मदतीला बोलावलं. रघुजी आला, वली शाहाला हरवलं, राणीच्या पोरांना गादीवर बसवलं, आणि मोठी रक्कम व मुलखाचा हिस्सा घेऊन परत गेला. पाहुणा आला, जेवला, दक्षिणा घेऊन गेला. इथवर ठीक होतं म्हणू.

पण पाहुण्यानं घर पाहून ठेवलं होतं. कोठी कुठे, दार कुठलं, कडी किती मजबूत, सगळं. थोड्याच वर्षांत राणीची दोन पोरं, बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह, आपसात भांडली. गोंड सरदारही दोन बाजूला वाटले गेले. १७४३ मध्ये बुऱ्हाण शाहानं पुन्हा रघुजीलाच हाक मारली. रघुजी पुन्हा आला, अकबर शाहाला हाकलून लावलं. तो हैदराबादेकडे निजामाच्या आश्रयाला गेला आणि तिकडेच संपला. या वेळी रघुजी परत गेला नाही. तो गोंड राजाचा 'रक्षक' म्हणून नागपुरात बसला. बुऱ्हाण शाह जिंकला होता ना? त्याला काय मिळालं? किल्ल्यात राहायला जागा, राजाचं नाव आणि नेमून दिलेली रक्कम. राज्य भोसल्याचं झालं. १७५१ साली चांद्याचं गोंड राज्यही गेलं.

यात लढाई हरून गेलेलं कमी आणि बोलावून दिलेलं जास्त आहे. रघुजीला दोष देऊन आपलं मन शांत होत असेल तर द्या. तो राज्य वाढवायला निघालेला माणूस होता, त्यानं त्याचं काम केलं. आणि हे वाचून कोणी शेजारच्या कुणबी-मराठा कास्तकारावर राग काढू नका. तो आज आपल्यासारखाच कर्जात बुडून वावर विकतो आहे. प्रश्न आपल्याला आपल्यालाच विचारायचा आहे : दार कोणी उघडलं?

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. राज्य गेलं की राजाच्या घरी दुःख होते, पण रयतेच्या घरी काय होते? वसुली करणारे बदलले. १८५३ च्या डिसेंबरात शेवटचे रघुजी भोसले वारल्यावर इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६० नंतरच्या बंदोबस्तात गावची वसुली ज्याच्याकडे होती त्याला इंग्रजांनी गावाची मालकी लिहून दिली. तो मालगुजार झाला. जंगल तोडून पहिलं वावर काढणारा गोंड कुळ झाला, मग सालदार झाला, मग डोंगराकडे सरकला. डोंगरात १८६५, १८७८ आणि १९२७ चे जंगलाचे कायदे त्याची वाट पाहत बसले होते. तिथे तो अतिक्रमणदार ठरला. आज नाकेदार तुम्हाला "हे तुझ्या बापाचं जंगल आहे काय?" असं विचारतो, तेव्हा त्याला सांगा की आजोबाच्या आजोबाचं होतं, आणि आम्हीच भांडून घालवलं.

१८५७-५८ मध्येही हेच झालं. चांद्याकडे मोलमपल्लीचा जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठला. त्याला पकडून इंग्रजांच्या हवाली कोणी केलं? अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईनं, म्हणजे घरच्याच माणसानं. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात बाबुरावला फाशी झाली. दरवर्षी आपण त्या दिवशी हार घालतो. हार घालताना अर्धी गोष्टच आठवतो.

दुसरी गोष्ट : चेरोकी लोकांची

आता लांब जाऊ. अमेरिकेत गोऱ्यांच्या आधीपासून राहणारे आदिवासी आहेत. त्यांच्यातली एक मोठी जमात चेरोकी. पूर्वेकडच्या डोंगरात त्यांची गावं होती. मका लावत, शिकार करत. जमीन एकट्याची नव्हती, सगळ्या जमातीची होती. एक वावर कोणी कसलं तर पीक त्याचं, पण जमीन विकायचा हक्क त्याला नाही. आपल्या जुन्या गावांसारखंच.

"आदिवासी अडाणी म्हणून फसतो" असं आपल्याला शिकवतात. चेरोकी अडाणी नव्हते. १८२१ मध्ये त्यांच्यातल्या सिक्वोया नावाच्या माणसानं त्यांच्या बोलीसाठी लिपी तयार केली. १८२७ मध्ये त्यांनी आपली घटना लिहिली. १८२८ मध्ये आपलं छापील वर्तमानपत्र काढलं. जॉर्जिया राज्यानं जमीन हडपायला सुरुवात केली तेव्हा प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १८३२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. जॉर्जियाचा कायदा चेरोकी मुलखात चालणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. सरकारनं निकाल पाळला नाही. हे वाचताना ओळखीचं वाटते ना?

मग सरकारनं काय केलं? फूट शोधली. चेरोकींचा निवडलेला मुखिया होता जॉन रॉस. बहुतेक लोक त्याच्या मागे होते, आणि त्यांचं म्हणणं होतं की जमीन सोडायची नाही. पण रिज नावाच्या घराण्यातले आणि त्यांच्या सोबतचे थोडे लोक म्हणत होते की आता टिकत नाही, जे मिळते ते घेऊन पश्चिमेला जाऊ. ते सगळे विकले गेले होते असं मी म्हणणार नाही. त्यांना मनापासून तसं वाटत असेल. पण १८३५ च्या डिसेंबरात सरकारनं त्या मूठभर लोकांकडून करारावर सह्या घेतल्या. मुखियाची सही नाही, त्यांच्या पंचायतीची मंजुरी नाही. पंधरा हजारांच्या वर माणसांनी विरोधाचा अर्ज केला. सरकारनं अर्ज बाजूला ठेवला आणि मूठभरांचा करार खरा धरला. आपल्याकडे बनावट ग्रामसभेचा ठराव कसा खरा धरतात, ते तुम्हाला सांगायला नको.

१८३८ मध्ये पलटण आली. बंदुकीच्या धाकानं सुमारे सोळा हजार माणसं घरातून काढली, छावण्यांत कोंडली, आणि हिवाळ्यात शेकडो कोस पश्चिमेला चालवली. सुमारे चार हजार माणसं मेली. ते लोक त्या वाटेला आसवांची वाट म्हणतात.

नव्या जागी पोहोचल्यावर काय झालं? पहिलं काम वैर फेडायचं. २२ जून १८३९ ला करारावर सही करणाऱ्यांपैकी तिघांना एकाच दिवशी ठार केलं. चौथा, स्टँड वाटी, वाचला. राग समजण्यासारखा आहे. पण ज्यांनी पलटण पाठवली ते राजधानीत सुखरूप होते, आणि भाऊ भावाला मारत होता.

ती आग बावीस वर्षं राखेखाली राहिली. १८६१ मध्ये अमेरिकेतल्या गोऱ्यांचंच आपसात युद्ध पेटलं. दक्षिणेची राज्यं काळ्या गुलामांची गुलामगिरी टिकवायला वेगळी झाली, उत्तर त्यांच्याविरुद्ध उभी राहिली. इथं एक गोष्ट लपवायची नाही : चेरोकींमधल्या श्रीमंतांनीही काळे गुलाम ठेवले होते. ज्याची जमीन लुटली गेली तोही दुसऱ्याच्या मानेवर बसू शकतो. हे आपणही ध्यानात ठेवावं.

जॉन रॉस म्हणाला, हे आपलं युद्ध नाही, आपण मधे पडायचं नाही. पण मधे राहू कोण देते? उत्तरेच्या सरकारनं त्या मुलखातली आपली पलटण काढून घेतली. दक्षिणेच्या लोकांनी मोठमोठी वचनं दिली. स्टँड वाटीनं दक्षिणेच्या बाजूनं आपली फौज उभी केली. घरातच दुसरी फौज उभी राहिलेली पाहून रॉसनं १८६१ च्या ऑक्टोबरात दक्षिणेशी करार केला, निदान जमात तरी एक राहील म्हणून. ती एक राहिली नाही. १८६२ मध्ये उत्तरेचं सैन्य आलं, रॉस त्यांच्यासोबत गेला, आणि हजारो चेरोकी उत्तरेच्या बाजूला गेले. १८६३ च्या फेब्रुवारीत त्यांच्या सभेनं दक्षिणेचा करार मोडला आणि गुलामगिरी बंद केली. दुसरीकडे स्टँड वाटीचे लोक दक्षिणेसाठी लढतच राहिले. त्यांनी राजधानी ताहलेक्वातली जमातीची सभागृहं जाळली, रॉसचं घर जाळलं. मग बदल्याला बदला. एका बाजूची बायकापोरं उत्तरेत कॅन्ससकडे आणि फोर्ट गिब्सनच्या छावणीत, दुसऱ्या बाजूची दक्षिणेत टेक्ससकडे. घरं जळाली, ढोरं चोरीला गेली, वावरं पडीत पडली. १८६३ सालीच मोजलं तेव्हा प्रौढ बायकांपैकी तिसरा हिस्सा विधवा होत्या आणि लेकरांपैकी चौथा हिस्सा पोरकी होती.

आता शेवट नीट ऐका. दक्षिण हरली. स्टँड वाटी २३ जून १८६५ ला शरण आला, दक्षिणेच्या सेनापतींमध्ये सगळ्यात शेवटी. जिंकलेल्या उत्तरेच्या सरकारनं चेरोकींना बोलावून काय सांगितलं? तुम्ही बंडखोरांशी करार केला होता, म्हणून तुमचे जुने हक्क गेले. हजारो चेरोकी उत्तरेच्या बाजूला गेले होते, ते कोणी मोजलं नाही. वाटाघाटीला चेरोकींचे दोन गट वेगवेगळे गेले. दक्षिणेचा गट म्हणाला, आमचा मुलूख वेगळा तोडून द्या. सरकारला हेच पाहिजे होतं. एका गटाला दुसऱ्याचा धाक दाखवून १९ जुलै १८६६ ला करार झाला. कॅन्ससमधली जमीन गेली. पश्चिमेकडच्या जमिनीवर दुसऱ्या जमाती बसवायची मोकळीक सरकारला मिळाली. रेल्वेला मुलखातून वाट मिळाली. करारानंतर दोन आठवड्यांच्या आतच जॉन रॉस वॉशिंग्टनमध्ये वारला.

रेल्वे आली, तिच्यामागे गोरे शेतकरी, व्यापारी, दारूवाले आले. १८९३ मध्ये पश्चिमेकडची लांबच लांब जमीन गोऱ्यांसाठी खुली केली, आणि माणसं घोडे पळवत जाऊन खुंट्या ठोकून आली. १८९८ च्या कायद्यानं सामुदायिक जमीन तोडून माणशी तुकडे पाडायचं ठरलं, आणि तुकडे पडले की विकले जातात. १९०७ मध्ये तो सगळा मुलूख ओक्लाहोमा राज्यात गेला.

म्हणून सांगतो : सरकारच्या विरुद्ध लढला त्याची जमीन गेली, आणि सरकारच्या बाजूनं लढला त्याचीही गेली. बाजू कोणती घेतली यानं फरक पडला नाही. दोन बाजू पडल्या यानं पडला.

तिसरी गोष्ट : शेजारच्या जंगलातली

आता परत आपल्याकडे. १९८० पासून गडचिरोलीच्या जंगलात बंदूक आली. एका बाजूला दलम. दुसऱ्या बाजूला पोलीस, आणि १९९० नंतर सी-६० नावाची तुकडी, जिच्यात तिथल्याच गावांतली पोरं भरती केली. दलममधला पोरगा माडिया, तुकडीतला पोरगा माडिया. एकाच घोटुलात नाचलेले. खबऱ्या म्हणून रात्री उठवून नेला तोही आदिवासी, आणि नक्षलवादी म्हणून मारला तोही आदिवासी. दोन्हीकडचे मोठे साहेब दुसरीकडचे. मढं कोणाच्याही बाजूचं असो, रडणारी माय एकाच बोलीत रडते.

पलीकडे बस्तरात तर याहून भयंकर झालं. २००५ च्या जूनमध्ये कुटरूच्या बाजूला सलवा जुडूम सुरू झालं. सरकारनं त्याला शांती अभियान म्हटलं. गावकऱ्यांना सांगितलं, छावणीत या नाहीतर तुम्ही नक्षलवाद्यांचे. नक्षलवाद्यांनी सांगितलं, छावणीत गेलात तर तुम्ही सरकारचे. मधे राहायला जागाच ठेवली नाही, जॉन रॉसला ठेवली नव्हती तशी. सहाशेच्या वर गावं उठली. काही लोक छावणीत, काही जंगलात, काही पळून खम्ममकडे. शाळेतून सुटलेल्या आदिवासी पोरांना महिन्याला दीड हजार रुपयांवर विशेष पोलीस अधिकारी केलं आणि हातात बंदूक देऊन आपल्याच शेजारच्या गावावर पाठवलं. पुढं उभा केलेला नेताही आदिवासीच होता. त्यालाही २०१३ च्या मे महिन्यात झिरम घाटीत मारलं.

५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आदिवासी पोरांना असं हत्यार देऊन लढवणं घटनेच्या विरुद्ध आहे. निकाल चांगला आला. पण जळलेलं गाव निकालानं उभं राहत नाही, आणि चेरोकींच्या बाजूनंही निकाल लागला होता.

ज्या जूनमध्ये सलवा जुडूम सुरू झालं, त्याच जूनमध्ये बस्तरच्या लोहांडीगुडा भागात पोलाद कारखान्यासाठी राज्य सरकारनं करार केला. दोन्हीचा धागा एक होता की नव्हता यावर शहरातले लोक वाद घालतात. घालू द्या. आपल्याला एवढं दिसते की रिकाम्या गावात ग्रामसभा भरत नाही, आणि ग्रामसभा भरली नाही तर 'नाही' म्हणायला कोणी उरत नाही. गडचिरोलीत सुरजागडचा डोंगर, जिथं ठाकूरदेव आहे, तिथंही लोहखनिजाचा पट्टा दिला गेला. बंदुकीच्या भीतीनं गावं मुकी झाली होती तेव्हाच.

तिसरा कसा येतो

तिन्ही गोष्टी एकाखाली एक ठेवल्या की तिसऱ्याची वाट दिसते. ती अशी.

पहिलं, तो भांडण लावायला येत नाही. भांडण आपलंच असते. गादीचं, मानाचं, पॅनलचं, बांधाचं. तो फक्त पाहतो.

दुसरं, तो एका बाजूचा मित्र होऊन येतो. रघुजी राणीचा मित्र होता. अमेरिकेचं सरकार रिज घराण्याचं हितचिंतक होतं. आज तो "तुमच्या टोल्याले रस्ता करून देतो" म्हणत येतो.

तिसरं, तो मूठभरांची सही घेतो आणि तिला सगळ्यांची सही म्हणतो.

चौथं, शेवटी तो रक्षक म्हणून बसतो, आणि ज्यानं बोलावलं त्याला पेन्शन देतो. ज्यानं नाही बोलावलं त्याला तेही देत नाही. एवढाच फरक.

काही जण म्हणतील

काही जण म्हणतील, राजेरजवाड्यांच्या न् अमेरिकेच्या लढाया कुठे आणि आमच्या गावातलं पॅनलचं भांडण कुठे! गावात कोणी बंदूक घेतली नाही, घर जाळलं नाही. मान्य. पण जमीन जायला घर जळावंच लागते असं नाही. कोरम नाही झाला तरी पुरते.

माझ्या नात्यातले दोघं भाऊ आहेत. बापाच्या वावराच्या धुऱ्यावरून बोलणं बंद झालं. एकानं दुसऱ्याला न विचारता आपला हिस्सा एका बाहेरच्या माणसाला संत्र्याच्या बगीच्यासाठी कागद करून दिला. तोंडी सांगितलं पाच वर्षं. कागदावर काय होतं ते वाचलंच नाही. आज तो स्वतःच्याच वावरात संत्रा तोडायला रोजीनं जाते. दुसरा भाऊ धुऱ्यावर उभा राहून पाहते, पण बोलत नाही. कायदा त्यांच्या बाजूनं होता : जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्रीनं, पट्ट्यानं, गहाणानं जायची असेल तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि विक्रीसाठी ती द्यायला सरकारचीही मंजुरी लागते. दोघं भाऊ मिळून तहसिलीत गेले असते तर कागद टिकला नसता. पण मिळून जाणार कसे?

दुसरे काही म्हणतील, एक बाजू जुलमी असली तर काय एकी-एकी करत बसायचं? नाही. एकी म्हणजे चोराशी एकी नव्हे. जो ग्रामसभेची खोटी सही करतो त्याच्याविरुद्ध लढायचंच. पण ते ग्रामसभेत, सगळ्यांच्या समोर, लढायचं. बाहेरून माणूस, पैसा किंवा पोलीस आणून नव्हे. ज्या दिवशी आपल्या भावाला हरवायला बाहेरचा बोलावला, त्या दिवशी बुऱ्हाण शाह झालो.

तिसरे काही म्हणतील, गोवारी, ढिवर, बाकीचे लोक आदिवासी यादीत नाहीत, त्यांना दाव्यात कशाला घ्यायचं? हा प्रश्न नाजूक आहे, पण टाळत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधानभवनाजवळ चेंगराचेंगरीत ११४ गोवारी मेले. बायका होत्या, लेकरं होती. यादीचा वाद कोर्टात आणि सरकारात चालू द्या, त्यावर तुमचं-माझं मत काहीही असो. पण गावची ढोरं ज्यानं पिढ्यान् पिढ्या याच जंगलात चारली त्याला "हे जंगल तुझं नाही" म्हणायचा हक्क आपल्याला नाही. वनहक्क कायदा इतर पारंपरिक वननिवासींनाही हक्क देतो. त्यांना ७५ वर्षांचा, तीन पिढ्यांचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे बहुतेक वेळा आपल्याच सयान्या माणसाची साक्ष. ती द्या. सामूहिक दावा अख्ख्या ग्रामसभेचा असतो. अर्ध्या गावाचा दावा म्हणजे अर्ध्या भिंतीचं घर.

एक गाव, एक रीत

फक्त रडगाणं गाऊन थांबत नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गाव आहे. त्याच जिल्ह्यात, जिथं दोन्हीकडून बंदूक होती. त्या गावानं फार वर्षांपूर्वी ठरवलं की ग्रामसभेत हात वर करून बहुमतानं निर्णय करायचा नाही. सगळ्यांचं एक मत होईपर्यंत बोलायचं. एक माणूस नाही म्हणाला तरी थांबायचं, पुन्हा बसायचं, अभ्यास करायचा. वेळ लागते. कंटाळा येते. पण बहुमतानं हरलेला माणूस बाहेर मित्र शोधतो, आणि इथं हरलेला माणूसच नसतो. म्हणून तिसऱ्याला आत यायला दार सापडलं नाही. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ च्या एप्रिलमध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा हक्क हाती आला. बांबू गावानं विकला, पैसा गावाच्या खात्यात आला.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार होते. नदीच्या दोन काठांवर दोन गावं उभी राहतात आणि एकमेकांवर गोटे मारतात. डोकी फुटतात, कधी माणूसही मरतो. पण संध्याकाळ झाली की ते थांबतात आणि आपापल्या घरी जातात. आपल्या दोन टोल्यांची गोटमार बारा महिने चालू आहे, आणि नदीच्या पात्रात चुन्याच्या रेघा पडताहेत.

आता करायचं काय

काटोल, नरखेडकडचा आपला भाग पाचव्या अनुसूचीत नाही. म्हणून पेसाचं कवच आपल्याला नाही. पण वनहक्क कायदा अख्ख्या देशाला लागू आहे. वनगाव, जुनी वस्ती, मोजणी न झालेलं गाव, नोंद असो नसो, त्या कायद्यात गावच धरलं आहे. दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पण हे सगळं ग्रामसभेच्या तोंडून बोलते. ग्रामसभा मुकी तर कायदा मुका. म्हणून प्रत्येक गावानं पुढच्या सभेत हे ठराव घ्यावेत असं आमचं सांगणं आहे :

१. निवडणुकीचं पॅनल सभेच्या सतरंजीबाहेर ठेवायचं. वनहक्काच्या सभेला टोला पाहून नाही, घर पाहून माणूस आणायचा. निम्म्या सभासदांचा कोरम, आणि हजर असलेल्यांत निदान तिसरा हिस्सा बाया. बाया आल्या की भांडण अर्धं होते, हा अनुभव आहे.

२. कोणताही कंपनीवाला, ठेकेदार, पुढारी किंवा साहेब एका टोल्याशी वेगळा बोलायला आला तर त्याला सांगायचं, सभेत ये. कोऱ्या कागदावर, वेगळ्या कागदावर सही-अंगठा नाही.

३. ग्रामसभेच्या ठरावाचं रजिस्टर एका घरी ठेवायचं नाही. पेटीला दोन कुलपं, दोन टोल्यांत दोन किल्ल्या. ठरावाची नक्कल प्रत्येक टोल्यात वाचून दाखवायची.

४. गावातला धुऱ्याचा, नात्याचा, देवाचा वाद आधी पंचासमोर. भाऊ भावाविरुद्ध बाहेर जाण्याआधी गावाला तीन बैठकी द्यायच्या.

५. ज्यांची जमीन कागद करून बाहेर गेली त्यांची यादी करायची. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मधली हस्तांतरणं परत करायचा कायदा आहे, त्यानंतरच्या कागदांना ३६-अ आहे. यादी कोणाची लाज काढायला नाही, जमीन परत आणायला.

६. गावच्या हद्दीत कोणी मोजणी केली, चुना टाकला, दगड रोवला, तर त्याच दिवशी दोन्ही टोल्यांतले दोन-दोन माणसं मिळून जाऊन विचारायचं : कोण, कोणाच्या हुकमानं, कागद दाखवा.

माझ्या गावात चौथी दवंडी येत्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आहे. दवंडी देणारा खालच्या टोल्याचा आणि सोबत फिरणारा वरच्या टोल्याचा, एवढं तरी जमलं आहे. त्या म्हातारीनं दोघांच्याही घरी जाऊन सांगितलं, "मी दारात बसतो, कोण येत नाही ते पाहतो." कोरम झाला तर पुढच्या अंकात बातमी देऊ. नाही झाला तरी देऊ, आणि त्या वेळी गावाचं नावही लिहू.

चुन्याच्या रेघा पहिल्या पावसात पुसतात. दगड रोवल्यावर पुसत नाहीत. पाऊस यायच्या आत सभा भरवा.

जय सेवा! आमचं गाव, आमचं जंगल!

(वाचून झाल्यावर ही प्रत दुसऱ्या टोल्यात द्यावी.)